आपल्या संकेतस्थळाची बखर

स्मरणिकेसाठी पहिली ऑनलाइन बैठक झाली तेव्हा कोण कशावर लिहिणार याची वाटणी दहा मिनिटांत उरकली. कुणी जुन्या इमारतीवर, कुणी शिरपामाळच्या सहलीवर, कुणी चित्रकलेच्या सरांवर. माझा आवाज मधूनमधून तुटत होता. तेवढ्यात कुणीतरी म्हणाले, "ही कॉम्प्युटरवाली आहे, हिला शाळेच्या वेबसाइटचा इतिहास लिहू द्या." मी नाही म्हणाले, पण तेही बहुधा तुटकच ऐकू गेले.

नाही म्हणण्याचे खरे कारण संकोचाचे होते. हा इतिहास लिहायचा तर त्यातल्या निम्म्याहून जास्त चुका माझ्या नावावर लिहाव्या लागतात. पण आपल्या इतिहासाच्या बाई सांगायच्या की आधी कारणे, मग घटना, मग परिणाम, आणि राजाचे नाव विसरलात तरी चालेल, कारण विसरू नका. त्याच क्रमाने लिहिते. गुरुजनांनी गुण कापताना जरा हात राखावा.

आपण १९९५ ला दहावी झालो तेव्हा शाळेत संगणक नव्हता. शाळेची सगळी माहिती भाऊसाहेबांच्या लोखंडी कपाटात होती. त्यात लाल कापडी पुठ्ठ्याचे जनरल रजिस्टर, आणि त्या रजिस्टरच्या एका आडव्या ओळीत प्रत्येकाचे अख्खे शालेय आयुष्य: रजिस्टर नंबर, नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख, आधीची शाळा, दाखल झाल्याची तारीख, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, सोडण्याचे कारण, शेरा. दाखला हवा असेल तर भाऊसाहेब ती ओळ बोटाने धरून बसायचे आणि छापील नमुन्यात एकेक रकाना उतरवायचे. रजिस्टर एक, दाखल्याचा नमुना वेगळा. नमुना बदलून नवा आला तरी रजिस्टर तेच.

ज्याला आम्ही सीएमएस म्हणतो, म्हणजे मजकूर व्यवस्थापन प्रणाली, ती एवढीच गोष्ट आहे. माहिती एका तक्त्यात, ती दाखवायचा नमुना दुसरीकडे, आणि दोन्हींच्या मध्ये बसलेला एक न कंटाळणारा भाऊसाहेब. ही सोय येण्याआधी संकेतस्थळाचे प्रत्येक पान म्हणजे स्वतंत्र हाताने लिहिलेला दाखला असे. सुट्टीची तारीख बदलायची तरी प्रोग्रामर शोधावा लागे.

गंमत अशी की हा भाऊसाहेब ज्या दोन गोष्टींवर चालतो त्या दोन्ही आपल्या दहावीच्या वर्षातल्या. रास्मुस लेरडॉर्फ या प्रोग्रामरने स्वतःचा बायोडाटा इंटरनेटवर किती जण बघतात ते मोजायला काही छोट्या आज्ञावली लिहिल्या होत्या. जून १९९५ मध्ये त्याने त्या सर्वांसाठी खुल्या केल्या. तीच पुढे पीएचपी झाली. आणि मायएसक्यूएल ही तक्ते सांभाळणारी प्रणाली स्वीडनमध्ये त्याच वर्षी जन्मली. आपण तेव्हा निकालाच्या काळजीत होतो.

या दोघांच्या खांद्यावर पुढच्या दहा वर्षांत तीन मोठ्या मुक्त प्रणाली उभ्या राहिल्या. मुक्त म्हणजे फुकट एवढेच नव्हे. त्यांचा मूळ कोड कुणीही उघडून बघावा, बदलावा, वाटावा, फक्त पुढच्याला तोच हक्क द्यावा, असा परवाना. पहिली द्रुपल. बेल्जियममधल्या अँटवर्पच्या विद्यार्थ्यांनी वसतिगृहातल्या निरोपांसाठी केलेली. द्रीस बाउटार्टला त्या संकेतस्थळाचे नाव 'डोर्प' ठेवायचे होते. डच भाषेत त्याचा अर्थ खेडे. टाइप करताना चूक झाली आणि 'ड्रॉप' झाले, म्हणजे थेंब. थेंबाला डचमध्ये जो शब्द आहे त्यावरून २००१ मध्ये द्रुपल हे नाव पडले. खेडे लिहायला जावे आणि पाऊस उमटावा, हे जव्हारच्या माणसाला कळायला जड नाही.

दुसरी जूमला. मॅम्बो नावाची एक प्रणाली होती. तिची सूत्रे कुणाच्या हाती राहणार यावरून वाद होऊन तिचे मुख्य प्रोग्रामर ऑगस्ट २००५ मध्ये बाहेर पडले आणि त्यांनी तोच कोड घेऊन नवी चूल मांडली. नाव घेतले स्वाहिलीतल्या 'जुमला' शब्दावरून, अर्थ 'सगळे मिळून'. शब्द मुळात अरबी. आपल्याकडेही जुन्या जमाखर्चात बेरजेला जुमला म्हणत.

तिसरी वर्डप्रेस, आणि तिची जन्मकथा मला सगळ्यांत जवळची वाटते. मिशेल वाल्द्रिगी नावाच्या माणसाने 'बी२' नावाची छोटी प्रणाली केली होती आणि २००२ च्या सुमारास तो दिसेनासा झाला. वापरणारे अधांतरी. जानेवारी २००३ मध्ये अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या मॅट मुलेनवेग या एकोणीस वर्षांच्या मुलाने लिहिले की परवाना मुक्त आहे, तर हे काम आपण पुढे न्यायला हरकत नाही. इंग्लंडमधून माइक लिट्ल म्हणाला, मीही येतो. २७ मे २००३ ला वर्डप्रेसची पहिली आवृत्ती आली. करणारा निघून गेला तरी काम उचलता आले, कारण किल्ली दाराबाहेरच ठेवलेली होती. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढे मी नेमके उलटे केले आहे.

मराठी माणसेही यात मागे नव्हती. मायबोली १९९६ ची. मराठी विकिपीडिया १ मे २००३ चा, महाराष्ट्र दिनाचा मुहूर्त साधून. २००४ मध्ये मनोगत आले, २००७ मध्ये मिसळपाव; दोन्ही द्रुपलवर, आणि पुढे मायबोलीनेही द्रुपल घेतले. पण त्यांनी ते आले तसे वापरले नाही. रोमन कळफलकावर बोटे चालवली की लिहायच्या चौकटीतच देवनागरी उमटावी अशी सोय बसवली. मनोगतावर तर शुद्धिचिकित्सकही होता, ऱ्हस्व-दीर्घाची चूक दाखवणारा. मी तेव्हा पुण्यात कॉट बेसिसवर राहत होते, दिवसा परदेशी बँकेचा कोड लिहायचा आणि रात्री ही संकेतस्थळे वाचायची. एका रात्री सहज वाटले की हे जर जमते, तर आपल्या शाळेचे का नाही?

२००५ च्या दिवाळीत आपले दहा वर्षांचे स्नेहसंमेलन झाले. वर्गणीतून उरलेल्या पैशांत मी नाव आणि सर्व्हरवरची जागा विकत घेतली आणि २००६ मध्ये जूमलावर पहिले संकेतस्थळ उभे केले. मुख्यपानावर जयविलास राजवाड्याचे छायाचित्र. (शाळेचे का नाही, असे मुख्याध्यापकांनी विचारले होते. खरे उत्तर असे की माझ्याकडे शाळेचे चांगले छायाचित्रच नव्हते.) ते छायाचित्र तीन एमबीचे होते. खोडाळ्याहून एका मैत्रिणीचा फोन आला, "तुझी वेबसाइट उघडेपर्यंत माझा भात शिजला गं." पुण्यातल्या ऑफिसच्या जाडजूड इंटरनेटवर बसून मोखाड्यासाठी संकेतस्थळ करू नये, हा पहिला धडा. छायाचित्र साठ केबीचे केले.

मग मजकूर. शाळेच्या एका जुन्या स्मरणिकेची डीटीपीवाल्याकडची फाइल मिळाली. ती उघडली तर सगळी रोमन अक्षरे आणि चिन्हांची खिचडी. त्या काळातले मराठी फाँट रोमन अक्षरांच्याच जागी देवनागरी वळणे बसवत. तो फाँट संगणकावर असेल तर मराठी, नसेल तर कचरा. युनिकोडने देवनागरीला स्वतःच्या जागा दिल्या होत्या, पण जुने नवे करायला परिवर्तक वापरावा लागे, आणि मी वापरलेल्या परिवर्तकाला आपला ऱ्य कळत नव्हता. 'दऱ्याखोऱ्यांतून शाळेत येणारी मुले' याचे झाले 'दर्याखोर्यांतून'. म्हणजे आपण सगळे समुद्रातून पोहत शाळेत येत होतो. मराठीच्या सरांनी ते पान छापून घेतले, लाल शाईने दुरुस्त केले आणि पोस्टाने मला पुण्याला पाठवले. पाकीट अजून माझ्याकडे आहे. त्यातले निम्मे लाल खुणांचे शब्द मी हाताने सुधारले. उरलेले निम्मे तेव्हा नीट लिहिता येत नव्हते, कारण 'ॲडमिशन'मधल्या ॲ या अक्षराला युनिकोडमध्ये जागाच मुळी २००८ मध्ये मिळाली.

एवढे करून संकेतस्थळ दिसायला बरे झाले, पण चालले नाही. आतली खोली, म्हणजे मजकूर टाकण्याचा भाग, पूर्ण इंग्रजीत होता आणि तिथे मेनू, मॉड्यूल, कॉम्पोनंट, सेक्शन, कॅटेगरी अशा पाच दारांतून गेल्यावर एक सूचना लावता यायची. संगणकाच्या मॅडमनी दोनदा प्रयत्न केला. तिसऱ्या वेळी त्यांनी सूचना फळ्यावर लिहिली. मला ते बरोबरच वाटले.

जून २०१० मध्ये वर्डप्रेसची ३.० ही आवृत्ती आली. आत्तापर्यंत तिच्यात फक्त लेख आणि पाने असे दोनच प्रकार होते. आता आपल्याला हवा तो प्रकार जोडता येऊ लागला. म्हणजे 'माजी विद्यार्थी' हा स्वतंत्र प्रकार, त्याला स्वतःचे रकाने, 'छायाचित्र' हा वेगळा प्रकार, त्याला स्वतःचे. भाऊसाहेबांना पहिल्यांदाच नवे रजिस्टर आखून देता येत होते. मी चार शनिवार-रविवार बसून सगळे जूमलावरून वर्डप्रेसवर आणले. माजी विद्यार्थ्यांसाठी अर्ज केला: नाव, गाव, सध्याचा व्यवसाय, दहावी उत्तीर्ण वर्ष. शेवटच्या रकान्यापुढे लाल चांदणी, म्हणजे भरलाच पाहिजे. ही चांदणी लावायला मला दोन सेकंद लागले. तिच्याकडे नंतर येते.

२०१२ मध्ये कंपनीने मला परदेशी पाठवले. पुढे मुलगी झाली. संकेतस्थळाचे सगळे परवलीचे शब्द एका वहीत होते, ती वही पुण्यात सासरच्या माळ्यावर. नूतनीकरणाचे पत्र ज्या ईमेलवर यायचे ते मी उघडत नव्हते. वर्डप्रेस दर काही महिन्यांनी नवी आवृत्ती काढत होते आणि आपले संकेतस्थळ २०११ मध्ये थांबलेले होते. मी निवडलेल्या सजावटीत छायाचित्रे लहान करणारी एक जुनी फाइल होती. तिच्यातल्या भोकातून कुणीतरी आत शिरले, आणि काही महिने आपल्या शाळेच्या नावाखाली परदेशी औषधांच्या जाहिराती झळकत होत्या. कसल्या औषधांच्या ते गुरुजनांसमोर लिहीत नाही. आपल्याच खालच्या तुकडीतल्या एका मुलाने, जो तेव्हा नाशिकला इंजिनिअरिंग शिकत होता, मला फेसबुकवर शोधून काढले. त्याने फक्त एवढे लिहिले होते, "ताई, पासवर्ड कुणाकडे आहे?"

त्याच काळात, १ ऑगस्ट २०१४ ला, पालघर जिल्हा झाला. आपण रातोरात ठाणे जिल्ह्याचे राहिलो नाही. शाळेची पाटी रंगवली गेली, शिक्के बदलले, लेटरहेड बदलले. संकेतस्थळाच्या माथ्यावर मात्र 'जि. ठाणे' तसेच. मी ते अक्षर थेट सजावटीच्या फाइलमध्ये लिहून ठेवले होते, जिथे हात घालायला पुन्हा तोच पासवर्ड. एक सरकारी निर्णय झाला, जिल्हा उभा राहिला, आणि माझ्या माळ्यावरच्या वहीमुळे आपण चार वर्षे ठाण्यातच होतो.

२०१८ मध्ये परत आले तेव्हा पहिले काम हेच घेतले. आणि इथे मी माझ्या कारकिर्दीतली सगळ्यांत मूर्ख गोष्ट केली. 'जि. ठाणे' हे नुसते माथ्यावर नव्हते, शेकडो नोंदींत होते. मी माहितीच्या तक्त्यांवर एकच आज्ञा चालवली: जिथे जिथे 'ठाणे' असेल तिथे 'पालघर' कर. एका सेकंदात झाले. चहा प्यायले आणि बघितले तर ठाण्यात नौपाड्याला राहणारे आपले सगळे मित्र पालघर (पश्चिम) ला राहायला गेले होते. एक मित्र पोलिसात आहे, त्याच्या नावापुढे नेमणूक 'पोलीस पालघर' अशी. ठाणेकर आडनावाचे एक सर होते, ते पालघरकर झाले. शिवाय उजव्या बाजूचा पूर्ण स्तंभ, दिनदर्शिका, सूचनाफलक, सगळे गायब.

गायब होण्याचे कारण सांगण्यासारखे आहे. वर्डप्रेस आपल्या काही मांडण्या साठवताना मजकुराबरोबर त्याची लांबीही लिहून ठेवते, बाइटमध्ये. देवनागरीतले प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक काना-मात्रा तीन-तीन बाइट घेते. 'ठाणे' म्हणजे ठ, काना, ण, मात्रा, एकूण १२ बाइट. 'पालघर' म्हणजे प, काना, ल, घ, र, एकूण १५. मी शब्द बदलला, पण आधी लिहिलेली लांबी १२ च राहिली. हिशेब जुळेना म्हणून प्रणालीने ती मांडणीच नाकारली. आपल्या भाऊसाहेबांनी खाडाखोड केलेला दाखला परत करावा, तसेच.

आदल्या रात्रीची प्रत होती म्हणून वाचलो. ती त्या नाशिकच्या मुलाने घेतली होती, मी नव्हे.

पण त्या निमित्ताने एक प्रश्न नीट विचारात आला. १९९५ च्या नोंदीत जिल्हा काय लिहायचा? आपल्या दाखल्यावर 'जि. ठाणे' आहे आणि ते तेव्हा खरेच होते. त्याच्याही मागे गेलो तर जव्हार १९४८ पर्यंत मुकणे घराण्याचे संस्थान, आणि शेजारचा मोखाडा इंग्रजी अमलात, शहापूर तालुक्याखालचा पेटा. एकाच बाकावर बसलेल्या दोघांच्या आजोबांच्या कागदांवर दोन वेगवेगळी राज्ये असू शकतात. तेव्हा आम्ही ठरवले की माथ्यावर आजचा जिल्हा, आणि प्रत्येक नोंदीत त्या काळी कागदावर जे होते ते. तेव्हापासून संकेतस्थळावर कुठेही 'सगळीकडे बदला' ही आज्ञा चालवायची नाही असा नियम आहे. आणि आपले बदल मूळ सजावटीत न करता तिच्यावर पांघरलेल्या वेगळ्या थरात करायचे. त्याला आमच्याकडे चाइल्ड थीम म्हणतात. भाड्याच्या घरात भिंतीला खिळे न ठोकता आपले कपाट उभे करण्याचा प्रकार. घरमालकाने रंग काढला तरी आपले सामान जागेवर.

टाळेबंदीच्या दिवसांत छायाचित्रांचे काम वेगाने झाले. घरोघरच्या पेट्या उघडल्या गेल्या. आधी कधी पाहिले नव्हते असे गॅदरिंगचे फोटो आले: तारपा नाचाच्या रांगेत आपलेच विज्ञानाचे सर. काहींनी रजिस्टरची जुनी पानेही संकेतस्थळावर टाका असा आग्रह धरला. त्यामागे कारण होते. जातीच्या दाखल्याच्या पडताळणीत १९५० च्या आधीची शाळेची नोंद फार मोलाची ठरते, आणि कातकरी, वारली, कोकणा, महादेव कोळी घरांतल्या मुलांना आजोबांच्या त्या एका ओळीसाठी किती खेटे घालावे लागतात ते आपल्यातल्या अनेकांनी भोगले आहे. पण त्याच ओळीत जन्मतारीख आहे, जात आहे, शेरा आहे. ते पान जगासमोर उघडे टाकायला मुख्याध्यापकांनी नकार दिला आणि मला तो पटला. आता संकेतस्थळावर फक्त कोणत्या वर्षांची रजिस्टरे शाळेत आहेत आणि उताऱ्यासाठी अर्ज कसा करायचा एवढेच आहे. अर्जाचा नमुना मराठीत, एका पानाचा, मोबाइलवर उघडतो. माझ्या मते संकेतस्थळावरचे सगळ्यांत उपयोगी पान तेच.

आता ती लाल चांदणी.

२०२३ च्या पावसाळ्यात मी तुकड्यांची यादी तपासत होते. संकेतस्थळ ती आपोआप करते: अर्जात जे वर्ष भरले जाईल त्याची एक तुकडी. आधी दिसले की आपल्या वर्षाच्या दोन तुकड्या झाल्या आहेत, कारण काहींनी वर्ष मराठी आकड्यांत लिहिले होते आणि काहींनी इंग्रजी. संगणकाला ही दोन वेगळी वर्षे. म्हणजे इतक्या वर्षांनी आपल्या वर्गाची पुन्हा अ आणि ब पडली. ते हसत दुरुस्त केले. मग यादीच्या अगदी तळाशी आणखी एक तुकडी दिसली: ००००. तिच्यात सात नावे होती.

आधी वाटले, पुन्हा कुणीतरी आत शिरले. पण नावे आपलीच होती. त्यातले एक माझ्या बाकावरचे. सातवीपर्यंत आम्ही शेजारी बसायचो. तिची पाटी पुसायची पद्धत, डब्यातली नागलीची भाकरी, सगळे आठवले. दिवाळी झाली की तिच्या घरचे भिवंडीकडे वीटभट्टीवर जायचे आणि होळीला परत यायचे. सातवीच्या वर्षी होळी झाली, ती आली नाही. मी दोन-चार दिवस बाक धरून ठेवला, मग तिथे दुसरी कुणी बसली. एवढाच माझा तिच्याबद्दलचा इतिहास.

नोंदीतल्या नंबरवर फोन केला तर तिच्या मुलीने उचलला. मुलगी नर्सिंगला आहे. ती म्हणाली, "मावशी, आईला फोटोत स्वतःला बघायचं होतं. फॉर्म भरला तर दहावीचं वर्ष टाकल्याशिवाय पुढेच जाईना. आई म्हणाली खोटं वर्ष नको लिहू. मग मी शून्य शून्य टाकलं. चालेल ना?"

बाकीच्या सहा जणांनाही, एकमेकांना न विचारता, तोच मार्ग सुचला होता.

शाळेत जाऊन मी रजिस्टर काढायला सांगितले. तिची ओळ होती. दाखल तारीख, रजिस्टर नंबर, प्रगती 'बरी', सोडण्याचे कारण 'सतत गैरहजर'. भाऊसाहेबांच्या कपाटाने तिला तीस वर्षे सांभाळले होते. माझ्या तक्त्यात तिला जागा नव्हती, कारण तो आखताना माजी विद्यार्थी म्हणजे दहावी झालेला असे मी गृहीत धरले होते. त्यात माझा काही हेतू नव्हता, आणि तेच मला जास्त टोचले. कोड लिहिताना आपण स्वतःसारखी माणसे डोळ्यांसमोर ठेवतो.

दुरुस्ती एका संध्याकाळची होती. 'दहावी उत्तीर्ण वर्ष' हा रकाना काढला. त्याजागी 'शाळेत केव्हापासून, केव्हापर्यंत', अंदाजे चालेल, रिकामा ठेवला तरी चालेल. आडनावाची सक्ती काढली, पाडा लिहायला जागा केली. तुकडी आता दहावीच्या वर्षावरून नव्हे, पाचवीत दाखल झालेल्या वर्षावरून धरतो. या स्मरणिकेच्या मागे छापलेल्या यादीत 'आम्ही ९५ वाले'ऐवजी '१९८९ ची पाचवी' असे का आहे, असे ज्यांनी मला फोनवर रागावून विचारले, त्यांना हे उत्तर. यादी लांबली म्हणून छपाईचा खर्चही वाढला, तोही माझ्याच नावावर घाला. ०००० ची तुकडी आता रिकामी आहे. मी ती पुसली नाही, नुसती लपवली आहे.

किल्ल्यांचे म्हणाल तर आता त्या तिघांकडे आहेत: शाळेच्या कार्यालयात पाकिटात, नाशिकच्या त्या मुलाकडे (तो आता दोन मुलांचा बाप आहे, पण आमच्यासाठी मुलगाच), आणि माझ्याकडे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी संपूर्ण प्रत उतरवली जाते. एक शाळेतल्या संगणकावर, एक शाळेबाहेर. वर्डप्रेसची आतली खोली मराठीत उघडते, तिचे भाषांतर आपल्यासारख्याच कुठल्या कुठल्या मराठी लोकांनी हौसेने केलेले आहे. संगणकाच्या मॅडम निवृत्त झाल्या, पण गेल्या वर्षी त्यांनी घरबसल्या आपल्या मोबाइलवरून स्वतःच्या हाताने एक सूचना लावली आणि मला स्क्रीनशॉट पाठवला.

संमेलनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहापासून प्रयोगशाळेत स्कॅनर लावलेला असेल. घरातले जुने फोटो घेऊन या, अल्बममधून ओरबाडून काढू नका, आम्ही तसेच स्कॅन करू. मागे नावे लिहायची असतील तर पेन्सिलीने लिहा. आणि सातवीचा १९९१-९२ चा वर्गाचा फोटो मोठा करून दाराशीच ठेवतो आहोत. त्यात माझी मैत्रीण दुसऱ्या रांगेत उजव्या टोकाला आहे, ती स्वतः येणार आहे. तिसऱ्या रांगेत डावीकडून दुसरा, सदऱ्याचे वरचे बटण तुटलेला मुलगा, त्याचे नाव अजून कुणालाच आठवलेले नाही. त्याची नोंद केलेली आहे, नावाचा रकाना रिकामा आहे. जरा नीट बघा.